घरातल्या प्राण्यांची नैसर्गिक काळजी: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी एकेक पायरी

घरात पिल्लू आलं की पहिल्याच आठवड्यात सल्ले सुरू होतात. कुणी सांगतं लसूण खायला घाला पिसवा पळतात, कुणी म्हणतं अमुक तेलाचे दोन थेंब लावा, आणि केमिकल तर अजिबात नको हं. हेतू चांगलाच असतो सगळ्यांचा, पण यातले काही उपाय मांजराचा जीव घेऊ शकतात हे सांगणाऱ्यालाही माहीत नसतं. आणि खरी नैसर्गिक काळजी म्हणजे नीट खाणं, बेताचं वजन, भरपूर पाणी, खेळ, स्वच्छता आणि रोज लक्ष देऊन बघणं, ती फारसं कुणी सांगत नाही कारण त्यात बाटलीत भरून विकण्यासारखं काही नसतं. म्हणून मी क्रमच तसा लावलाय, बाटल्या बऱ्याच खाली आहेत.

पायरी १: आपल्या प्राण्याचं नॉर्मल काय ते लिहून काढा

कंटाळवाणं वाटेल पण सगळ्यात कामाचं हेच आहे. मांजर दुखणं लपवण्यात पटाईत असतं, कुत्रा थोडा कमी, त्यामुळे आज काहीतरी बिघडलंय हे कळायला काल कसं होतं ते माहीत पाहिजे ना.

श्वासापासून सुरू करा. प्राणी गाढ झोपलेला असताना बाजूला बसायचं, छाती वर जाऊन खाली आली की एक श्वास, असे ३० सेकंद मोजायचे आणि दुप्पट करायची. पाय झटकत स्वप्न बघत असेल किंवा मांजर घुरघुरत असेल तर तो आकडा धरू नका, थोड्या वेळाने परत मोजा. निरोगी कुत्रा किंवा मांजर झोपेत मिनिटाला साधारण ३० च्या आत श्वास घेतं. सलग काही वेळा ३० च्या वर येत असेल तर हृदय किंवा फुप्फुसात काही चाललेलं असू शकतं, आणि हे बऱ्याचदा खोकला-धाप दिसायच्या आधी कळतं, म्हणून फुकटातली सगळ्यात भारी टेस्ट म्हणतो मी हिला.

मग हिरड्या. ओठ हळूच वर करून बघा, गुलाबी आणि ओलसर दिसल्या पाहिजेत, बोटाने दाबलं की पांढरं पडतं आणि सोडल्यावर २ सेकंदांच्या आत परत गुलाबी होतं. काहींच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांची खालची पापणी किंचित खाली ओढून आतला रंग बघायचा. हे प्राणी बरा असतानाच दोन-चार वेळा करून ठेवा, म्हणजे त्यालाही सवय होते आणि तुमचाही हात बसतो.

ताप मोजायचा तर डिजिटल थर्मामीटरने गुदद्वारातूनच, थोडं जेल लावून. कुत्र्या-मांजराचं नॉर्मल तापमान साधारण ३८ ते ३९.२ सेल्सियस, म्हणजे आपल्यापेक्षा जास्तच असतं. नाक गरम लागलं म्हणजे ताप आला हे डोक्यातून काढून टाका, झोपून उठलेल्या कुत्र्याचं नाक गरम-कोरडं असतंच. वजन महिन्यातून एकदा करा, मांजराला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि मग आपलं वजन वजा करायचं. बाकी शी कशी असते, लघवी दिवसातून किती वेळा, पाणी किती पितो, हे लिटर ट्रे (मांजराच्या शी-शूचा ट्रे) साफ करताना आणि फिरायला नेताना आपोआप दिसतं, फक्त मोबाईलवर बघत फिरवू नका.

पायरी २: डॉक्टर ठरवा आणि लसी पूर्ण करा

नैसर्गिक पद्धतीने वाढवायचं म्हणजे लस नाही असं काही जण धरून चालतात, तर माझं सरळ मत आहे की हा हट्ट प्राण्याच्या जिवावर करू नये. पार्वो, डिस्टेंपर, मांजरांतला पॅनल्युकोपेनिया हे पिल्लं मारणारे आजार आहेत आणि त्यांना कुठलाही काढा अडवत नाही. पिल्लांना एकच इंजेक्शन का पुरत नाही असं लोक विचारतात, तर आईकडून मिळालेल्या अँटिबॉडीज काही आठवडे अंगात असतात आणि त्या लसीलाच निष्प्रभ करतात, त्या नेमक्या कधी संपतील ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं असतं, म्हणून ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू करून दर २ ते ४ आठवड्यांनी, पिल्लू किमान १६ आठवड्यांचं होईपर्यंत डोस देतात. मधेच सोडलं की नेमकी फट राहते. नंतर मोठेपणी गरजेपेक्षा जास्त लसी नकोत असं वाटत असेल तर जरूर विचारा, पार्वो-डिस्टेंपरच्या लसी पहिल्या बूस्टरनंतर बरेचदा ३ वर्षांनीच देतात, आणि अंगात अँटिबॉडीज आहेत का ते बघायला टायटर टेस्ट पण असते.

रेबीजबद्दल मात्र चर्चाच नको. लक्षणं दिसायला लागली की माणूस काय प्राणी काय, वाचणं जवळपास अशक्य. कुणी चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची (घड्याळ लावून, कारण १५ मिनिटं वाटतात त्यापेक्षा खूप जास्त असतात) आणि लगेच माणसांच्या डॉक्टरकडे जायचं.

पायरी ३: खाणं मोजून, वजन हाताने तपासून

लाडाने दिलेलं खाणं हेच बहुतेक पाळीव प्राण्यांचं सगळ्यात मोठं दुखणं आहे. ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर आयुष्यभर चाललेला एक अभ्यास २००२ मध्ये छापून आला, त्यात एका गटाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं होतं, आणि कमी खाणारे कुत्रे सरासरी जवळपास २ वर्षं जास्त जगले, सांधेदुखीही त्यांना उशिरा झाली. एवढा फरक पाडणारी कुठलीही पावडर मला माहीत नाही.

वजन बरोबर आहे का ते असं बघा: मूठ आवळून त्याच हातावर दुसऱ्या हाताची बोटं फिरवा. मुठीच्या टोकदार उंचवट्यांसारख्या बरगड्या लागल्या तर प्राणी हडकुळा, हात सरळ पसरून मागच्या बाजूवरून बोटं फिरवल्यावर जसं लागतं तशा लागल्या तर छान, आणि तळव्यासारखं मऊ लागून हाडं शोधावी लागली तर जाड. खाणं किचनच्या वजनकाट्यावर ग्रॅममध्ये मोजा, कपाने मोजलं की रोज थोडं थोडं वाढत जातं. ट्रीट्स दिवसाच्या एकूण कॅलरीजच्या १० टक्क्यांच्या आत, आणि घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळी ट्रीट दिली तर ती सगळी मिळून १० टक्के हं. खाणं बदलायचं असेल तर ७ ते १० दिवसांत हळूहळू, जुनं कमी नवं जास्त असं.

घरी शिजवलेलं द्यायचं मनात असेल तर चांगलंय, पण रेसिपी प्राण्यांच्या आहारतज्ज्ञाकडून घ्या, नुसतं मांस आणि भात दिला की कॅल्शियम कमी पडतं आणि वाढत्या पिल्लाची हाडं कमकुवत होतात. मांजर तर पक्कं मांसाहारी. टॉरिन नावाचं द्रव्य तिला खाण्यातूनच मिळावं लागतं, ते कमी पडल्यामुळे मांजरांचं हृदय मोठं आणि दुबळं होतं हे १९८७ मध्ये लक्षात आलं आणि त्यानंतर कॅट फूडमध्ये टॉरिन वाढवलं गेलं. त्यामुळे मांजराला शाकाहारी करायचं किंवा डॉग फूडवर ठेवायचं, दोन्ही नको. ससा असेल तर खाण्याचा मोठा भाग सुकं गवत, ते चोवीस तास समोर पाहिजे, दातही त्यानेच झिजतात.

पाणी मांजरं मुळात कमी पितात, म्हणून ओलं खाणं देणं, पाण्याचं भांडं लिटर ट्रेपासून आणि शक्यतो खाण्यापासूनही लांब ठेवणं, रुंद भांडं किंवा छोटं कारंजं, हे करून बघा.

पायरी ४: घर प्राण्याच्या उंचीवरून बघा

खरंच गुडघ्यांवर बसा आणि एक चक्कर मारा. चार्जरच्या वायरी, सोफ्याखालची बटण बॅटरी, शिवणकामाचा दोरा, सगळं दिसायला लागतं. दोरा हा मांजरांचा घातक शौक आहे, आणि तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, आत आतड्यात अडकलेला असेल तर ओढल्याने आतडं कापलं जातं, सरळ डॉक्टर. खिडक्या-बाल्कनीला पक्की जाळी लावा, मांजर कायम पायांवर पडतं म्हणून सेफ असतं वगैरे खरं नाही.

खाण्याच्या विषांची यादी फ्रिजवर लावा. कांदा आणि लसूण, कच्चे शिजवलेले पावडर सगळे, लाल रक्तपेशी फोडतात आणि मांजराला जास्त बाधतात, शिवाय त्रास काही दिवसांनी दिसतो म्हणून लोकांना कनेक्शन कळत नाही. द्राक्षं आणि बेदाणे यांनी कुत्र्याची किडनी जाऊ शकते, किती खाल्ल्यावर ते सांगता येत नाही, म्हणून एकही नको. चॉकलेटमध्ये थिओब्रोमिन नावाचं प्राण्यांना विषारी द्रव्य असतं, जितकं डार्क तितकं वाईट. आणि झायलिटॉल, हे शुगर-फ्री च्युइंगम, काही पीनट बटर, टूथपेस्टमध्ये असतं, लेबलवर कधी बर्च शुगर तर कधी ई९६७ लिहिलेलं असतं, कुत्र्याच्या पोटात गेलं की इन्शुलिन एकदम सुटतं आणि अर्ध्या-एक तासातही साखर खाली कोसळू शकते, नंतर लिव्हरचंही नुकसान. ही पण मुळात झाडाफळांत सापडणारी साखरच आहे बरं का.

झाडांमध्ये लिली आणि डेलिली मांजर असलेल्या घरात ठेवूच नका. पान, फूल, अंगावर पडलेला परागकण चाटला तरी, अगदी फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी १ ते ३ दिवसांत किडनी बंद पडू शकते. खाल्ल्याची नुसती शंका आली तरी निघायचं, उलटी होतेय का ते बघत बसायचं नाही. सायकस म्हणजे सागो पाम कुत्र्यांना तितकाच घातक, बिया सगळ्यात जास्त. मनी प्लांट, डिफेनबेकियाने तोंडाची आग होते, लाळ गळते, पण तेवढ्यावर निभावतं बहुतेक वेळा.

आपली औषधं कुलपात. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते कारण ते पचवून बाहेर टाकायची यंत्रणा तिच्या लिव्हरमध्ये जवळपास नसतेच, आणि आयबुप्रोफेनने कुत्र्यांना पोटात अल्सर आणि किडनीचा त्रास होतो. उंदराचं विष खाल्लं तर कुत्रा दोन-तीन दिवस ठणठणीत दिसतो आणि मग आतून रक्तस्राव सुरू होतो, तेव्हा "काही झालं नाही" म्हणून गप्प बसू नका. पक्षी पाळत असाल तर नॉनस्टिक भांडं कोरडं तापवायचं नाही, त्या धुराने पक्षी काही मिनिटांत मरतात.

पायरी ५: आता तेलं, पानं, पावडरी

झाडातून आलेली गोष्ट काम करते तेव्हा ती औषधच असते, आणि औषधाला डोस असतो, साइड इफेक्ट असतात. मांजराचं लिव्हर वनस्पतींमधली बरीच रसायनं नीट निकामी करू शकत नाही, शिवाय ती दिवसभर अंग चाटते, म्हणजे अंगावर लावलेलं सगळं पोटात. टी ट्री ऑइल शुद्ध स्वरूपात लावलं तर कुत्रा-मांजर दोघांनाही लडखडणं, थरथर, अगदी कोमापर्यंत जाऊ शकतं. पेपरमिंट, दालचिनी, लवंग, निलगिरी, लिंबूवर्गीय तेलं हीसुद्धा मांजरांसाठी नकोच, आणि डिफ्युझर (तेलाचा वास खोलीभर पसरवणारं यंत्र) लावायचाच असेल तर प्राण्याला उठून दुसऱ्या खोलीत जाता आलं पाहिजे, पक्षी असतील तर लावूच नका. कडुनिंबाचं तेल तसंच्या तसं मांजराला लावू नका, लाळ गळण्यापासून झटक्यांपर्यंत त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. कोरफडीचा गर ठीक, पण सालीलगतच्या पिवळ्या चिकाने जुलाब होतात, आणि प्राणी काही तो चीक बाजूला काढून चाटत नाही.

मग उपयोगाचं काय? फिश ऑइलमधलं ओमेगा-३ सांधेदुखी आणि खाजेसाठी खरंच मदत करतं असे बऱ्यापैकी पुरावे आहेत, डोस वजनानुसार डॉक्टरला विचारून, जास्त दिलं की जुलाब आणि कॅलरीज. प्राण्यांसाठीचे प्रोबायोटिक (पोटाला उपयोगी चांगले जंतू) साध्या जुलाबांत उपयोगी पडतात. खाज सुटलेल्या कातडीला ओट्सची बारीक पूड कोमट पाण्यात मिसळून १० मिनिटं अंघोळ, याने आराम पडतो, खाजेचं कारण जात नाही पण आराम पडतो. साधा उकडलेला लाल भोपळा बद्धकोष्ठ आणि सैल शी दोन्हींत चालतो. नारळाचं तेल खायला घालण्याबद्दल मी फार उत्साही नाही, चरबीच ती. ॲपल सायडर व्हिनेगरने पिसवा मरत नाहीत.

पायरी ६: पिसवा आणि गोचीड

अंगावर दिसणाऱ्या पिसवा म्हणजे एकूण पिसवांच्या जेमतेम ५ टक्के, बाकी अंडी, अळ्या, कोष हे गादीत, कार्पेटमध्ये, फरशीच्या फटीत असतात, आणि कोष तर काही महिने तसेच पडून राहू शकतात. म्हणून नुसता कुत्रा धुवून काही होत नाही. बारीक दातांचा फ्ली कोंब रोज मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत फिरवा, निघालेला काळा भुसा ओल्या टिश्यूवर टाका, लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. बिछाना आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात, व्हॅक्युम दिवसाआड, सोफ्याच्या कोपऱ्यांत सुद्धा, आणि पिशवी लगेच घराबाहेर. हे सगळं नैसर्गिक आहे आणि काम करतं, पण पिसवा घरभर झाल्या असतील तर डॉक्टरांनी दिलेलं औषध घ्या, उगाच तीन महिने प्राण्याला खाजवत ठेवू नका.

एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा: कुत्र्याचं पिसवा-गोचिडांचं परमेथ्रिनवालं औषध मांजराला कधीही लावायचं नाही. शेवंतीच्या जातीच्या फुलांत सापडणाऱ्या द्रव्यावरून बनवलेलं आहे ते, आणि मांजराला त्याने तासंतास झटके येतात. घरात दोघं असतील तर कुत्र्याला लावल्यावर ते सुकेपर्यंत मांजर लांब.

गोचीड काढताना टोकदार चिमट्याने कातडीच्या अगदी लगत पकडायची आणि सरळ, सावकाश ओढायची. तेल ओतणं, काडी पेटवून चटका देणं असले प्रकार नकोत, त्याने ती आतलं सगळं जखमेत ओकते.

पायरी ७: दात, कान, छोटी दुखणी

दात रोज घासा, प्राण्यांच्या पेस्टने, आपल्या नाही. पहिला आठवडा नुसतं बोटाला पेस्ट लावून चाटू द्या, मग बोट हिरडीवर, मग ब्रश, बाहेरची बाजू झाली तरी पुष्कळ. शिजवलेली हाडं नकोत, फुटून टोकं होतात. कानात इअरबड घालू नका, वास येत असेल किंवा डोकं सारखं झटकत असेल तर दाखवा.

छोटं खरचटलं तर उकळून गार केलेल्या अर्धा लिटर पाण्यात एक सपाट चहाचा चमचा मीठ, त्याने धुवा. हायड्रोजन पेरॉक्साइड नको, ते चांगल्या पेशीही मारतं. चावल्याची जखम बाहेरून टिचभर दिसते आणि आत पू होतो, ती घरी सांभाळायची नाही.

जुलाब झाले पण मोठा कुत्रा खेळतोय, पाणी पितोय, रक्त नाही, तर एक-दोन दिवस थोडं थोडं मीठ-तेल नसलेलं उकडलेलं चिकन आणि मऊ भात देऊन बघायला हरकत नाही. पिल्लू असेल तर थांबायचं नाही. मांजराला उपाशी ठेवायचं नाही, दोन-तीन दिवस पोटात काही नसलं की तिच्या लिव्हरवर चरबी साठायला लागते, जाड मांजरांना हा धोका जास्त, म्हणून २४ तास काही खाल्लं नाही की फोन. सशाने १२ तास खाल्लं नाही तर लगेच निघा.

पायरी ८: कधी घरचं सगळं बाजूला ठेवून पळायचं

बोका लिटर ट्रेमध्ये सारखा जाऊन बसतोय, जोर लावतोय आणि थेंबच येतोय किंवा तेही नाही, हे बद्धकोष्ठ समजून लोक वेळ घालवतात, पण लघवी अडकली असेल तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. मोठ्या छातीचा कुत्रा उलटीचा प्रयत्न करतोय, काही पडत नाहीये, पोट टम्म फुगलंय, तर पोटाला पीळ पडलेला असू शकतो, इथे तासांचा हिशोब असतो. हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर, मांजर तोंड उघडून धापा टाकतंय, झटके, रक्ताची उलटी, मागचे पाय अचानक गेले, यातलं काहीही दिसलं तर रात्र असो की सुट्टी.

उन्हाने तापलेला कुत्रा, विशेषतः चपट्या नाकाचा, खूप धापा टाकतोय, लडखडतोय तर आधी गार करा मग गाडीत घाला: सावलीत नेऊन अंगभर पाणी ओता, वारा घाला, शुद्धीत असेल तर पाणी पिऊ द्या, ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, खाली उष्णता कोंडते. बंद गाडीत १० मिनिटांत तापमान १० अंशांनी वाढतं, खिडकी बोटभर उघडी ठेवून काही फरक पडत नाही.

विष खाल्लं असेल तर घरी मीठ पाजून उलटी काढायची नाही, मिठाचंच विष होतं, आणि फिनाईल, ॲसिड, रॉकेलसारखं काही असेल तर वर येताना परत भाजतं. डॉक्टरला फोन करा, काय, किती, केव्हा आणि वजन किती ते सांगा, पाकीट किंवा झाडाची फांदी सोबत घ्या. आणि घरी काय काय दिलं होतं ते सगळं सांगा, तेल काढा पावडर सप्लिमेंट, ओरडतील म्हणून लपवू नका. ऑपरेशन ठरलं असेल तर हे अजूनच महत्त्वाचं, कारण फिश ऑइल, लसूण, जिंकगो (एका झाडाच्या पानांचा अर्क) अशा गोष्टींचा रक्त गोठण्यावर परिणाम होऊ शकतो आणि किती दिवस आधी बंद करायच्या ते डॉक्टरच ठरवतील. रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर आजच सेव्ह करा, आणि मांजराचा कॅरिअर (ने-आण करायचा पिंजरा) माळ्यावर नको, खोलीत उघडा ठेवा, आत एक जुनी चादर टाकून.